टेबल फॅनच्या जाळीचा पिसारा

घरातल्या बंद पडलेल्या वस्तू उघडून सुट्या भागांचे शिल्प करणे ही मुलांसाठी यंत्र आणि कला एकत्र शिकवणारी सुंदर गोष्ट आहे. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले. नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या वापरून उभारलेले चंदीगडचे रॉक गार्डन १९७६ मध्ये खुले झाले. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊतून खेळणी करायला शिकवले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी सामान भंगारवाल्याकडे मिळते. सुरुवातीला टेबल फॅन उत्तम. आधी वायर कापून टाकावी, मग स्क्रू मुलांनीच काढावेत आणि वाटीत ठेवावेत. मागच्या डबीत पंख्याची मान फिरवणारे दातेरी चाक दिसते. ते बोटाने फिरवून पाहायला मुलांना भरपूर वेळ द्यावा. मग भाग जमिनीवर मांडायचे. जाळीत पिसारा दिसतो, पात्यांत पंख. कशात काय दिसते, हे मोठ्यांनी सुचवू नये.

जोडणीला डिंक पुरत नाही. कॉईलची तांब्याची तार किंवा नटबोल्ट वापरावेत. जाळीच्या कडा कानशीने घासाव्यात. जुना डबा टीव्ही, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टरची बॅटरी मुलांना उघडू देऊ नये: टीव्ही आणि मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार उरतो, बॅटरीत आम्ल असते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून तीही वर्ज्य.