झाड, धबधबा आणि विश्वास

ऐन हिवाळ्यातले एक ओकेबोके झाड. अंगावर पान नाही. लोरेन प्रांतातला निकोला हेर्मान तेव्हा अठरा वर्षांचा होता. आज ना उद्या याला पालवी फुटेल, मग फुले, मग फळे येतील, एवढेच त्याच्या मनात आले. पण हे घडवणाऱ्या देवाची जी जाणीव त्याला तेव्हा झाली, ती जन्मभर पुसली गेली नाही. तरुणपणी त्याने शिपाईगिरी केली, पायाला जखम झाली, मग घरगडी म्हणून राबताना हातून भांडीकुंडी फुटली. अखेर पॅरिसच्या कार्मेलाइट मठात तो ब्रदर लॉरेन्स झाला. वाट्याला आला मुदपाकखाना, आणि त्या कामाची तर त्याला मुळातच नावड. तरी तिथेच तो वर्षानुवर्षे देवाच्या सहवासात रमला. झाडाची ही हकिकत त्याने ३ ऑगस्ट १६६६ रोजी धर्मगुरू जोसेफ द बोफोर यांना सांगितली. १६९१मध्ये तो वारल्यावर त्यांनीच त्याची पत्रे व संभाषणे छापून काढली.

लॉरेन्स निदान ख्रिस्ती घरातला होता. अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स नास्तिक होते. मानवी जनुकांचा आराखडा उलगडणाऱ्या जागतिक प्रकल्पाची धुरा पुढे त्यांनीच वाहिली. वैद्यकीचे शिक्षण घेत असताना एका आजारी वृद्धेने त्यांना विचारले, ‘तुमचा कशावर विश्वास आहे?’ त्यांना उत्तर देता येईना. एका पाळकाने लेखक सी. एस. लुईस यांचे ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ हे पुस्तक हातात ठेवले. पुढे कॅस्केड पर्वतात भटकताना एका वळणावर शेकडो फूट उंचीचा गोठलेला धबधबा समोर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाने भिजलेल्या गवतात त्यांनी गुडघे टेकले. त्या धबधब्याच्या तीन धारांत त्यांना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याची खूण दिसली, यावरून टीकाकारांनी त्यांना बरेच धारेवर धरले. गोठलेल्या पाण्यावरून येशूपर्यंत कसे पोचता येते, हा त्यांचा सवाल.

सवाल रास्तच आहे, आणि तो ख्रिस्ती धर्मपंडितांनाही पडलेला आहे. सृष्टी पाहून देवाचे सामर्थ्य कळते, असे प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. बायबलमधल्या एकोणिसाव्या स्तोत्रात तर आकाशच देवाचा महिमा सांगते. तरीही १९३४ साली धर्मपंडित एमिल ब्रुनर यांनी निसर्गातून देव काही अंशी ओळखता येतो, असे मांडले, तेव्हा दुसरे धर्मपंडित कार्ल बार्ट यांनी ‘नाही!’ याच नावाची पुस्तिका लिहून त्यांना खोडून काढले. देवाची ओळख केवळ ख्रिस्तातच होते, हा बार्ट यांचा हेका. त्या वर्षी हिटलरच्या जर्मनीत रक्त आणि मातीलाच देवत्व दिले जात होते. त्या हेक्यामागे ही धास्तीही होती.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांचा प्रवास उलट्या दिशेने झाला. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या टिळकांना ख्रिस्त भेटला तो आगगाडीत. १८९३मध्ये राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्याच प्रवचनात येशू रानातली फुले आणि आकाशातली पाखरे दाखवून चिंता सोडायला सांगतो. फुलांवर जीव असलेल्या कवीला हा गुरू परका कसा वाटावा?

तिघांच्या कथेत सृष्टी आहे, पण ती एकटी कुठेच नाही. लॉरेन्सच्या झाडामागे लहानपणापासूनचे संस्कार होते, कॉलिन्सच्या धबधब्याआधी एका वृद्धेचा प्रश्न आणि एक पुस्तक, आणि टिळकांना तर शब्दच आधी भेटले. सौंदर्याने माणूस थबकतो, नमतो. नमस्कार कोणाला करायचा, हे मात्र त्याला माणसांकडून आणि ग्रंथांकडूनच कळते.