पडद्यावरील कुस्ती आणि इजेचा हिशेब

लाल मातीतल्या कुस्तीत इजेचा हिशेब कोणी ठेवीत नाही. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. मग तो मल्ल त्या क्षणी दमलेला असो की ताजातवाना असो. दोरांनी वेढलेल्या रिंगणातील व्यावसायिक कुस्तीचे तसे नाही. तेथे पंचाने तीन मोजेपर्यंत प्रतिस्पर्ध्याचे खांदे जमिनीला दाबून धरावे लागतात, आणि तेवढ्या वेळात तो का उठू शकला नाही, हे प्रेक्षकाला पटावे लागते. ही कुस्ती व्हिडिओ खेळांत आली, तेव्हा पटवून देण्याचे हे काम गणितावर येऊन पडले.

मारामारीच्या इतर खेळांत हे गणित सरळ वजाबाकीचे असते. १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये पडद्याच्या माथ्यावर प्रत्येक लढवय्याची एक पट्टी असते. तडाखा बसला की ती आखूड होते. ती संपली की फेरी संपली. हाच नियम कुस्तीला लावला, तर खेळणारा पहिल्याच मिनिटाला आपला सर्वांत भारी डाव टाकील, पुन्हा तोच टाकील, आणि पाच-सहा आपटण्यांत सामना आटोपेल. वजाबाकी बरोबर, पण कुस्ती कोठे आहे? व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आता गुपित राहिलेले नाही. तिची सारी गोडी सामना हळूहळू चढत जाण्यात आहे, आणि गणिताने राखावयाची ती हीच चढण.

जपानमधील ‘फायर प्रो रेसलिंग’ या मालिकेने यावर चांगला तोडगा काढला. तिचा पहिला खेळ ह्यूमन एंटरटेनमेंट या कंपनीने १९८९ साली पीसी इंजिन या यंत्रासाठी काढला. मासातो मासुदा हे मालिकेचे जनक. या खेळात शक्तीची पट्टीच दाखवीत नाहीत. दोन मल्ल जवळ आले की आपोआप एकमेकांना भिडतात, आणि त्या क्षणी जो अचूक वेळ साधून कळ दाबील त्याचा डाव लागतो. डावांच्या पायऱ्या तीन: हलके, मध्यम आणि भारी. ताज्या मल्लावर भारी डाव टाकू गेले, तर तो बहुधा उलटतो. म्हणून आधी हलक्या डावांनी प्रतिस्पर्ध्याला शिणवावे लागते. पाया न घालता कळस चढविता येत नाही!

डाव लागल्यावरचा हिशेब व्यापाऱ्याच्या खतावणीसारखा आहे. प्रत्येक डावाची एक मूळ किंमत असते. टाकणाऱ्याचे त्या जातीच्या डावातील बळ तिच्यात भर घालते, आणि झेलणाऱ्याचा त्या जातीच्या डावाविरुद्धचा बचाव तीतून काही उणे करतो. ठोसा, लाथ, फेक, सांधा पिरगाळणे अशा जातींचे आकडे निरनिराळे. समजा, १० किमतीची फेक बळामुळे १२ झाली आणि बचावामुळे ९ उरली. ही वजावट एकाच खात्यावर पडत नाही. अंगातील ताकद, मनाची उमेद, दम, आणि शिवाय मान, हात, कंबर, पाय यांपैकी जेथे मार बसला तो अवयव, अशी खाती वेगवेगळी असतात. ती रिकामी होऊ लागली की मल्ल जमिनीवर अधिक वेळ पडून राहतो, उठताना अडखळतो, आणि तिसऱ्या अंकाआधी खांदा उचलणे त्याला जड जाते. इजेचे मोजमाप शेवटी अशा रीतीने वेळेतच होते.

२००० साली निन्टेन्डो ६४ साठी निघालेल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी’ने पट्टी ठेवली, पण ती शरीराची नव्हे, उमेदीची. मारले की ती चढते, मार खाल्ला की उतरते; पूर्ण भरली की मल्लाला थोडा वेळ आपला निर्णायक डाव टाकता येतो. मरणाचा मार खाल्लेला मल्ल दोन-चार डाव उलटवून पुन्हा उभा राहतो. मुले याला यंत्राची लबाडी म्हणतात. तो आरोप अन्यायाचा आहे. हरता हरता सावरणे हा तर या कुस्तीचा प्राण. २००३ च्या ‘स्मॅकडाऊन! हिअर कम्स द पेन’ने मात्र पडद्यावर मनुष्याकृतीच काढली आणि दुखावलेल्या अवयवाचा रंग लालसर होत जाईल अशी सोय केली. सोय खरी, पण त्यामुळे डोळा मल्लावरून उडून त्या चित्राकडेच लागतो.

सामना संपला की ही खाती साधारणतः पुन्हा भरली जातात. ज्या मल्लांकडे पाहून हे खेळ रचले गेले, त्यांच्या मानेला ही सवलत नव्हती. मित्सुहारू मिसावा हे जपानचे विख्यात मल्ल. मान आणि खांद्यांवर आपटणारे डाव त्यांनी वर्षानुवर्षे झेलले. जून २००९ मध्ये हिरोशिमा येथील सामन्यात प्रतिस्पर्ध्याने त्यांना कमरेला धरून उचलले आणि मागे टाकले. ते पुन्हा उठले नाहीत. मानेतील मज्जारज्जूच्या इजेने त्याच रात्री त्यांचा मृत्यू झाला. वय ४६ होते. तशी फेक ‘फायर प्रो’च्या खेळांतही आहे आणि तिची वजावट मानेच्या खात्यावर पडते.