कोपराशी आलेल्या बांगड्या

आत्याच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा मला खटकलं. काटा तर पूर्वीचंच वजन दाखवत होता. न्यूमोनियानं दहा दिवस अंथरुणाला खिळवलं होतं. ताप गेला, पायातलं बळ काही परतलं नाही. "वय झालं रे," हे तिचं ठरलेलं उत्तर. शेवटी घरी फिजिओथेरपिस्ट आली.

पोरगी पंचविशीची. पिशवीतून आधी निघाला पकड मोजायचा डायनामोमीटर. "आजी, कोपर अंगाला लावा. आता लिंबू पिळल्यासारखं दाबा." आत्यानं दात-ओठ खाल्ले. 14 किलो. पुन्हा दाबलं, 14.5. आशियाई तज्ज्ञगटानं 2019 मध्ये बायकांसाठी आखलेली रेषा 18 ची, पुरुषांसाठी 28 ची. मग छातीवर हातांची घडी घालून खुर्चीतून पाचदा उठायचं. तिसऱ्या खेपेला हात आपसूक दांड्याकडे गेला. "हात नाही हं आजी!" 19 सेकंद लागले, 12 च्या आत व्हायला हवं.

वयाबरोबर स्नायू असे झिजतात, याचं नाव सार्कोपेनिया. आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये मांस आणि उणीव या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ते घडवलं.

"पण वजन तर तेवढंच आहे," मी म्हटलं.

"स्नायू गेले, त्या जागी चरबी आली," ती म्हणाली.

किडकिडीत दिसणाऱ्या भारतीय अंगात चरबी किती दडलेली असते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःचंच उदाहरण देऊन दाखवलं होतं. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या छायाचित्रात ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पोटात साठलेली अशी चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून आयएल-6, टीएनएफ असले दाहाचे निरोप रक्तात सुटत राहतात. ताप नाही, ठणका नाही, फक्त मंद धुमसणं. क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी 2000 मध्ये त्याला 'इन्फ्लमेजिंग' म्हटलं. या धुमसण्यात स्नायूंची मोडतोड वाढते, बांधकाम रेंगाळतं. ताटातल्या डाळीतली प्रथिनंही पूर्वीसारखी कामी येत नाहीत. त्यात आजारपणाचा दाह आणि अंथरूण. आत्याचं तेच झालं.

"मग दाह उतरवायची गोळी द्या की."

"गोळीनं पाय उचलला गेला असता, तर मी इथे कशाला आले असते?"

तिनं घोट्याला अर्ध्या किलोचा पट्टा बांधला. आत्यानं पाय सरळ केला. गुडघ्याच्या वर, सुरकुतलेल्या कातडीखाली काहीतरी थरथरलं आणि दोन क्षण टणक झालं. गंमत अशी, की आकसणारा स्नायू स्वतःच आयएल-6 सोडतो. तेच आयएल-6! मात्र व्यायामापुरतं आलं, की ते दाह शमवणारी द्रव्यं मागवून घेतं. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी हे उकललं. मला ते पचायला वेळ लागला. ज्याला चोर समजत होतो, त्याच्याच हाती पहाऱ्याची काठी.

1990 मध्ये बॉस्टनच्या एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या आसपासच्या माणसांनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली. त्यांची ताकद सरासरी 174 टक्के वाढली. आत्याला सांगितलं, तर म्हणाली, "मी तर चौऱ्याहत्तरचीच."

सहाव्या आठवड्याला खुर्ची 15 सेकंदांवर आली. बांगड्या अजून सरकतात. नसा-मज्जातंतू आधी शिकतात, स्नायू मागाहून भरतो, असं पोरगी म्हणाली. आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"एक किलोचा पट्टा आणलायस का गं?"