खिचडी झाली की आई येते

जून अर्धा सरला की परभणी जिल्ह्यातल्या गावोगावच्या अंगणवाड्यांच्या दारात रडारड सुरू होते. पेरणीचे दिवस असतात. आईला सोयाबीन-कापसाच्या रानात वेळेवर पोचायचं असतं, बाप आधीच निघून गेलेला असतो, आणि तीन वर्षांचं लेकरू उंबऱ्यावर आईचा पदर मुठीत धरून उभं असतं. पुष्कळ आया मग नजर चुकवून निघून जातात. त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी मात्र तेच लेकरू दाराला चिकटून बसतं आणि खेळाकडं वळतच नाही, कारण पाठ फिरली की आई जाते एवढं त्याला कळलेलं असतं.

अनुभवी सेविका आईला असं पळू देत नाही. ती लेकरासमोर आईला मोठ्यानं सांगायला लावते, "खिचडी खाऊन झाली की मी येते." बारा वाजता येते, असं सांगून उपयोग नसतो. तीन वर्षांच्या लेकराला बारा कळत नाहीत, खिचडी कळते. गाणी, मग खेळ, मग गोष्ट, मग हात धुणं, मग खिचडी, मग आई, हा क्रम आठ-पंधरा दिवस रोज तसाच घडला की रडणं आपोआप ओसरतं. अट एकच असते. खिचडी झाल्यावर आईनं, नाहीतर आजीनं, खरोखर यायचं.

अंगणवाडीच्या दिनक्रमाचं सगळं मर्म या क्रमात आहे. भिंतीवरचं वेळापत्रक सेविकेसाठी आणि तपासणीला येणाऱ्या पर्यवेक्षिकेसाठी असतं. लेकराला घड्याळ लागत नाही. यानंतर काय, हे त्याला ठाऊक असलं की ते निर्धास्त असतं, आणि निर्धास्त लेकरूच शिकतं.

सकाळी मदतनीस झाडलोट करते, पाणी भरून ठेवते आणि मग गल्लीतून फेरी मारते. एक कडेवर, दोघांची बोटं हातात आणि चार जण मागं, असा तो लवाजमा येतो. दारात चपला जोडीनं लावायच्या. उजवी-डावी ओळखण्याचा पहिला धडा तिथंच होतो, पाटीशिवाय. मग सतरंजीवर गोल करून बसायचं. हजेरी नावानं घेतली जाते आणि आपलं नाव सगळ्यांसमोर ऐकून "हजर" म्हणणं हे लाजाळू लेकरासाठी मोठं काम असतं. काहींना त्याला महिनाभर लागतो. चांगली सेविका तोवर नुसत्या मान हलवण्यालाही हजेरी धरते.

यानंतर हातवाऱ्यांची गाणी आणि गप्पा. आज आभाळ आलंय का? घरी म्हशीला काय झालं? काल भाजी कशाची होती? या गप्पा वेळ काढण्यासाठी नसतात. घरात लेकराला दिवसभर "इकडं ये", "हात लावू नको", "गप बस" एवढंच ऐकू येत असेल, तर सबंध वाक्यात बोलण्याची आणि दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबण्याची संधी त्याला इथं पहिल्यांदा मिळते.

मग मुक्त खेळ. एका कोपऱ्यात बाहुली आणि भातुकली, दुसऱ्यात ठोकळे, तिसऱ्यात चित्रांची पुस्तकं. ताटात तूर, हरभरा आणि ज्वारी एकत्र मिसळून ठेवलेली असते. ते दाणे वेगवेगळ्या वाट्यांत निवडायचे. कोणत्या वाटीत जास्त, कोणत्यात कमी, हे विचारलं की गणित सुरू झालं. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्रच बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती अडचण वाटते, पण साडेपाच वर्षांची पोरगी तीन वर्षांच्या पोराला मणी ओवायला दाखवते तेव्हा दोघंही शिकत असतात.

खरी कसोटी दोन कामांच्या मधल्या पाच मिनिटांत लागते. ठोकळे आवरून गोष्टीला बसायचं असतं आणि मनोरा अर्धाच झालेला असतो. इथं ओरडणारी बाई आणि आवरायचं ठरलेलं गाणं सुरू करणारी बाई यांच्या वर्गांतला फरक आठवडाभरात दिसतो. ठरलेलं गाणं ऐकून पोरं गुणगुणत ठोकळे डब्यात टाकू लागतात. घरी रात्री झोपताना, सकाळी आंघोळीच्या वेळी हाच उपाय चालतो. त्यासाठी विकतचं काही लागत नाही.

हे सगळं अगदी मराठी मातीतलं आहे, आणि परभणीच्या पालकांना ते ठाऊक असायला हवं. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलं, माँटेसोरींची पद्धत आपल्या परिस्थितीला बेतली आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी लाकडी साधनं गावात परवडणार नव्हती. त्यांच्या जागी बिया, पानं, शंख-शिंपले, माती आली. काही मुलं बालवाडीपर्यंत येऊ शकत नव्हती, कारण घरी धाकटं भावंड सांभाळायचं असायचं. तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली गेली. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आज महाराष्ट्रात अंगणवाड्यांची संख्या एक लाखावर आहे.

खुद्द परभणीतही या विषयाचा अभ्यास होतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात मानव विकास शिकवला जातो आणि त्याला जोडून पूर्वप्राथमिक शाळा आहे. मूल कसं खेळतं, कसं बोलतं, कशात रमतं, हे तिथं पुस्तकाबरोबर प्रत्यक्ष वर्गातही पाहता येतं.

तरीही गावात एक तक्रार कायम ऐकू येते : "नुसतं खेळवतात, काही शिकवत नाहीत." मग चार वर्षांच्या पोराला तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीच्या गाडीत बसवलं जातं. संध्याकाळी त्याच्या वहीत चार रेघांमध्ये लिहिलेली अक्षरं दिसली की आईबापांचा जीव भांड्यात पडतो. त्यांची कळकळ खरी आहे. पोटाला चिमटा घेऊन ते फी भरतात. पण वही हा चुकीचा पुरावा आहे.

मनगटात आठ लहान हाडं असतात. ती जन्मतः कूर्चेची असतात आणि वर्षानुवर्षं एकेक करून घट्ट होत जातात. सहाव्या वर्षीसुद्धा हे काम पुरं झालेलं नसतं. अशा हाताला तासन्तास पेन्सिल दाबायला लावलं तर मूठ आखडते, बोटं दुखतात आणि लिहिण्याचा कंटाळा बसतो तो बसतोच. मणी ओवणं, कणीक मळणं, कागद फाडून चिकटवणं, भेंडीचे ठसे उमटवणं, शेंगा सोलणं यातून लिहिणारी बोटं तयार होतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं नमूद केलं आहे. २०२४ मध्ये आलेला केंद्राचा 'आधारशिला' अभ्यासक्रमही खेळावरच उभा आहे. तेव्हा घरी आल्यावर "आज काय लिहिलं?" असं न विचारता "आज कोणाबरोबर खेळलास? गोष्ट कोणाची होती?" असं विचारावं. गोष्ट सांगता येऊ लागली, तर अभ्यास उत्तम चालला आहे असं समजावं.

भाषेचा प्रश्नही इथलाच आहे. जिंतूर, पालमकडच्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलली जाते. परभणी, पाथरी, मानवतमधल्या कितीतरी घरांत दखनी-उर्दू. असं लेकरू अंगणवाडीत पहिले काही महिने गप्प राहिलं तर ते मंद नसतं. ते ऐकत असतं. तहान, शी-शू, भूक, दुखतंय, एवढे चार-पाच शब्द त्याच्या घरच्या भाषेत आईनं सेविकेला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावेत. घरची भाषा मात्र सोडू नये. तीत गोष्टी ऐकलेलं मूल मराठीही लवकर उचलतं.

आता वजनाचा दिवस. महिन्यातून एकदा काटा काढला जातो आणि प्रत्येक लेकराचं वजन, उंची नोंदली जाते. पूर्वी ही नोंद वहीत असे, आता सेविकेच्या मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवरही असते. वाढीच्या तक्त्यावर तीन पट्टे आहेत : हिरवा, पिवळा आणि नारंगी. लेकरू कोणत्या पट्ट्यात आहे, एवढंच पाहून पालक परततात. खरं पाहायचं असतं ते रेघेची दिशा. हिरव्यात असूनही सलग दोन-तीन महिने रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर काहीतरी बिघडलं आहे. जुलाब झाले असतील, जंत असतील, किंवा घरात पेरणी-काढणीच्या घाईत लेकराचं एक जेवण बुडत असेल. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर टेपनं मोजतात. तो साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला तर ते तीव्र कुपोषण आहे आणि "जरा बारीकच आहे, बापावर गेलंय" म्हणून सोडून देण्याची ती गोष्ट नाही. अशा मुलांसाठी अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्र चालवलं जातं आणि आजारी मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं जातं. तिथं जायला सांगितलं तर लाज वाटून घेऊ नये.

अन्नाच्या बाबतीत एक गैरसमज सर्रास आहे : अंगणवाडीत खाल्लं, म्हणजे जेवण झालं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथं ठरलेल्या प्रमाणात उष्मांक आणि प्रथिनं मिळणं हा २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं त्याचा हक्क आहे. पण हा पूरक आहार आहे. घरचं खाणं तेवढंच राहिलं पाहिजे. तीन वर्षांच्या आतल्या लेकरासाठी जो शिधा घरी मिळतो, तोही त्याच्याच पोटात जावा. सगळ्या घराच्या भाजीत मिसळला की त्याच्या वाट्याला चमचाभरही येत नाही. घरच्या भाकरीचाही विचार करावा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण दिलं, ज्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. पोरांसाठी दोन सऱ्या त्या ज्वारीच्या पेरायला काय हरकत आहे?

दिवाळी झाली की गंगाखेड, सोनपेठ, पालम, पाथरीच्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात आणि लेकरंही बरोबर जातात. जूनपासून बसवलेली घडी तिथंच मोडते. फडात सकाळचा गोल नसतो, वजनाचा काटा नसतो, लसीची तारीख चुकते. यावर पूर्ण उपाय सेविकेच्या हातात नाही, पण निघण्याआधी तिला सांगून जाणं पालकांच्या हातात आहे. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद होते आणि जिथं जाल तिथल्या अंगणवाडीत आहार आणि लसीकरण मागता येतं. माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत तळाशी न टाकता सोबत ठेवावं. घरी आजी-आजोबा असतील आणि त्यांच्याजवळ लेकरू राहू शकत असेल, तर त्याला गावात ठेवणं केव्हाही चांगलं.

अंगणवाडीत नाव घालताना फार कागद लागत नाहीत. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आईचं आधार आणि चालू असलेला मोबाइल क्रमांक पुरतो. लेकराचं स्वतःचं आधार नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. ते काढलेलं असेल तर पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे द्यायला विसरू नये; पहिलीच्या प्रवेशाच्या गडबडीत हेच राहून जातं. पहिलीसाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असावी लागतात. वय वाढवून सांगून पोराला लवकर पहिलीत ढकलू नये. पाच-सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणी लसीची दुसरी वर्धक मात्रा असते, आणि दीड वर्षाच्या डोसनंतर "आता इंजेक्शनं संपली" असं समजल्यामुळं तीच सर्वांत जास्त चुकते. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी दिली जाते. वर्षातून दोनदा बाल आरोग्य तपासणीचं पथक अंगणवाडीत येतं. त्या दिवशी हजर राहून ऐकू कमी येणं, बोबडं बोलणं, तिरळेपणा, चालताना अडखळणं, मनात जी शंका असेल ती डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांगावी. पथकाला अनेक मुलं पाहायची असतात. जे आईला रोज दिसतं ते त्यांना काही मिनिटांत दिसेलच असं नाही.

सेविकेकडं रजिस्टरं आहेत, मोबाइलवरच्या नोंदी आहेत, गरोदर बायांच्या गृहभेटी आहेत, सर्वेक्षणं आहेत, आणि या सगळ्यातून तिला वीस-पंचवीस लेकरांना गोष्ट सांगायची आहे. गावानं तिला मदत करावी. कोणी चिंचोके-बियांची पिशवी द्यावी, कोणी जुन्या चादरींच्या बाहुल्या शिवून द्याव्यात, एखाद्या आजीनं आठवड्यातून एकदा येऊन गोष्ट सांगावी. आणि प्रत्येक आईबापानं या महिन्यात वजनाच्या दिवशी तासभर काढून अंगणवाडीत जावं, आपल्या लेकराची रेघ कुठं चालली आहे ते सेविकेकडून समजून घ्यावं, आणि समजलं नाही तर पुन्हा विचारावं.