मुलांचे मत कोण विचारतो?

बालसाहित्याच्या व्यवहारात एक गंमत आहे. पुस्तक लिहितो मोठा, छापतो मोठा, विकत घेतो मोठा आणि त्याला पारितोषिकही देतो मोठाच. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो मात्र सहीचा अधिकार नसलेला खातेदार! साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते. २०१४ साली मराठीतला हा मान माधुरी पुरंदरे यांना मिळाला. निवड उत्तमच, पण कौल मोठ्यांचा.

सर्वत्र असेच चालते असे मात्र नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात पत्रकार विल्यम अ‍ॅलन व्हाइट यांच्या नावाने १९५२ साली एक बालग्रंथ पुरस्कार सुरू झाला. जाणकार मंडळी पुस्तकांची यादी करतात, विजेता ठरवतात शाळकरी मुले. अट एकच, यादीतली किमान दोन पुस्तके वाचल्याशिवाय मत नाही. उमेदवार नीट पारखूनच मत द्यावे, अशी सक्ती आपल्या मोठ्यांच्या निवडणुकीतही नाही!

मुले काय, चित्रे पाहून भुलतील, बाई सांगतील तिथे शिक्का मारतील, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. म्हणून तर मत गुप्त हवे आणि वाचनाची अट हवी. चित्र आवडले म्हणून पुस्तक आवडले, तर त्यात वावगे काहीच नाही. शिवाय, मे २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मुभा बँकांना दिली. उमेदीची वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला हे धाडस मोठे वाटते. पैशाच्या बाबतीत जो विश्वास टाकला, तो गोष्टीच्या बाबतीत का टाकू नये?

नागपुरात हे अवघड नाही. १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ आहे, राजाराम वाचनालय आहे, महापालिकेच्या शाळा आहेत. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात. तेव्हापासून निवडक दहा पुस्तके वर्गावर्गांत फिरू द्यावीत आणि १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, मतपेटी ठेवावी. खर्च फार नाही.

एक अडचण मात्र येईल. मत मागायचे तर पुस्तक आधी मुलाच्या हाती द्यावे लागेल. म्हणजे कपाटाचे कुलूप काढणे आले, पुस्तक मळेल-फाटेल ही भीती सोडणे आले. मुलांनी कोणतेही पुस्तक निवडो, एवढे झाले तरी पुष्कळ आहे.