माझा देव

मुलांनो, दिवसभरात आपण ‘माझा’, ‘माझी’, ‘माझे’ हे शब्द किती वेळा उच्चारतो, हे तुम्ही कधी मोजून पाहिले आहे काय? माझी पेन्सिल, माझे दप्तर, माझे गाव, माझी आई, माझा देव! ऐकताना हे सारे एकाच जातीचे वाटते. परंतु थोडे थांबून पाहिले, म्हणजे ह्या एका शब्दाच्या पोटात निरनिराळे अर्थ दडलेले आहेत, हे ध्यानात येते.

व्याकरणाच्या तासाला ‘माझा’ हे ‘मी’ ह्या सर्वनामाचे षष्ठीचे रूप आहे, असे आपण शिकतो. षष्ठी संबंध दाखवते. पण तो संबंध कोणता, हे मात्र ती सांगत नाही. ‘माझी पेन्सिल’ असे मी म्हणतो, तेव्हा मी त्या पेन्सिलीचा मालक असतो. ती मी कोणाला देईन, लपवून ठेवीन किंवा मोडूनही टाकीन. ‘माझी आई’ म्हणताना मी आईचा मालक होतो काय? मुळीच नाही. आई माझ्या आधीपासून आहे. तिने मला वाढवले. ‘माझी आई’ ह्या शब्दांचा खरा अर्थ ‘मी तिचा आहे’ असाच होतो. घरातली धाकटी भावंडे कधी कधी तिच्या दोन्ही बाजूंनी पदर ओढत ‘माझी आई!’, ‘नाही, माझी आई!’ म्हणून भांडतात. तेव्हा आई नुसती हसते. ती दोघांचीही पूर्णपणे असते, अर्धी अर्धी नव्हे. हे भांडणाऱ्यांना अजून कळलेले नसते, एवढेच.

आता ‘माझा देव’ ह्या शब्दांकडे वळू. हा ‘माझा’ पेन्सिलीचा की आईचा?

ह्याचे उत्तर शोधायचे तर पंढरपूरला जावे. विटेवर उभ्या असलेल्या विठ्ठलाला महाराष्ट्राने ज्या नावांनी हाक मारली, ती नावेच पाहा. ‘विठोबा’ ह्यातील ‘बा’ म्हणजे बाप आणि ‘विठाई’ ह्यातील ‘आई’ म्हणजे आईच. बोलावे कसे, हेही पाहा. गुरुजींना आपण ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ म्हणतो. पूर्वी अनेक घरांत वडिलांनाही मुले ‘अहो’ म्हणत. आईला मात्र ‘अगं’ आणि ‘तू’! आणि ज्याला सर्व जगाचा स्वामी मानायचे, त्या देवालाही मराठी माणूस ‘तू’च म्हणतो. ह्यात अनादर नाही, जवळीक आहे. नामदेव विठ्ठलावर रुसतात, तुकाराम त्याला खडसावून जाब विचारतात. परक्या माणसावर कोणी रुसत नाही. आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष असावे, असा हक्क ज्याच्यावर वाटतो, त्याच्यावरच रुसता येते.

ह्या बाबतीत जनाबाईंची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. त्या मूळच्या गंगाखेडच्या. लहानपणीच त्या पंढरपुरास नामदेवांच्या घरी आल्या आणि तेथे दासी म्हणून राहिल्या. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, शेण गोळा करणे ह्यांत त्यांचा दिवस जाई. स्वतःचे म्हणावे असे घर नाही, शेत नाही. स्वतःचा वेळही नाही. पेन्सिलीच्या अर्थाने ज्यांच्याजवळ ‘माझे’ असे काहीच नव्हते, अशा ह्या बाईने देवाला मात्र निःशंकपणे आपला मानले. तो त्यांच्याबरोबर जात्याचा खुंटा धरतो, गोवऱ्या वेचू लागतो, असे त्यांनी गायिले. आणि स्वतःची ओळख सांगताना? आपण नामदेवांची दासी, असे त्या अभिमानाने सांगत. देव माझा आणि मी नामदेवांची! एकनाथांनीही आपल्या अभंगांच्या शेवटी स्वतःच्या नावाला गुरू जनार्दनस्वामींचे नाव जोडलेले आढळते. ‘माझा’ म्हणताना ही माणसे स्वतःच कोणाची तरी होऊन जातात.

परंतु ‘माझा’ हा शब्द नेहमीच इतका भला राहत नाही. एकाचे दोन झाले, दोनाचे दहा झाले, की ‘माझा’चा ‘आमचा’ होतो, आणि येथे आपल्या मराठीची एक खुबी पाहण्याजोगी आहे. अनेकवचनात आपल्याजवळ दोन शब्द आहेत: ‘आमचा’ आणि ‘आपला’. ‘आमच्या घरी ये’ असे मी तुम्हांला म्हटले, तर ते घर तुमचे नाही. ‘चल, आपल्या घरी जाऊ’ असे म्हटले, की ते घर तुमचेही झाले. हिंदीत ‘हमारा’ ह्या एकाच शब्दाने ही दोन्ही कामे भागवावी लागतात. आपल्याकडे मात्र ऐकणारा उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर, हे त्या एका शब्दावरून कळते.

भाद्रपदात दोन आळ्यांतली मुले ‘आमचा गणपती तुमच्यापेक्षा मोठा!’ म्हणून हातघाईवर येतात, ते तुम्ही पाहिले असेल. कदाचित त्यांत तुम्हीही असाल! ते भांडण विसर्जनाबरोबर विरून जाते. मोठ्यांचा ‘आमचा’ मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, आणि त्याला दार असते.

असे दार पंढरपुरासही होते. मंगळवेढ्याचे चोखोबा विठ्ठलाचे निस्सीम भक्त होते. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा आणि मुलगा कर्ममेळा ह्या सर्वांनी अभंग रचले. सारे घरच विठ्ठलाचे. तरी त्यांची जात त्या काळी अस्पृश्य मानलेली, म्हणून चोखोबांना देवळात पाऊल टाकण्यास बंदी होती. आतील लोक म्हणत होते, हा देव आमचा. आणि बाहेर उभा राहून चोखोबा म्हणत होते, हा देव माझा. व्याकरणात दोघांचीही षष्ठीच! पण एकाच्या षष्ठीने कुलूप लावले होते. दुसऱ्याच्या षष्ठीला कुलुपाची आठवणही नव्हती. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

त्यानंतरही सहाशे वर्षे ते दार तसेच राहिले. १९४७ साली साने गुरुजींनी ह्या प्रश्नासाठी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे महिन्यात पंढरपुरास उपोषण आरंभले. उन्हाळ्याचे दिवस, आधीच कृश झालेली प्रकृती. सुमारे दहा दिवस ते उपोषण चालले. विरोध करणाऱ्यांत देवाला न मानणारे थोडेच होते. पुष्कळांना मनापासून वाटत होते, की आपण आपल्या देवाचे रक्षण करीत आहोत. अखेर देवळाचे दार सर्वांसाठी उघडले. ‘आमचा विठोबा’ होता, तो ‘आपला विठोबा’ झाला.

चोखोबांची समाधी आजही दाराबाहेरच आहे. वारीहून आलेला वारकरी नामदेवांच्या पायरीला हात लावतो, चोखोबांच्या समाधीवर माथा टेकवतो आणि मग विठ्ठलाच्या दर्शनाला आत जातो. गर्दीत कोणाचा धक्का लागला, तर मागे वळून तो त्या अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणतो.