पाकिटांच्या वाटेचा माग

संगणकापुढे बसून आपण एखाद्या दूरदेशीच्या ग्रंथालयाचे पान मागवतो आणि क्षणार्धात ते पडद्यावर उमटते. ते कोणत्या वाटेने आले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. परंतु पान येईनासे झाले म्हणजे अडले कोठे, हे शोधणे भाग पडते. हा शोध कसा घेतात, ते या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संगणकांच्या जाळ्यातून मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात व प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घालतात. अशा तुकड्यास ‘पॅकेट’ म्हणतात. आपण त्यास पाकीट म्हणू. वाटेत जागोजाग ‘राउटर’ नावाची यंत्रे असतात. राउटर पाकिटावरील पत्ता पाहतो आणि ते आपल्या कोणत्या शेजाऱ्याच्या हाती द्यावे, एवढेच ठरवतो. पुढची सारी वाट तो आखून देत नाही. पाकिटावरही चाललेल्या वाटेची नोंद राहत नाही. मग जी वाट कोठेच लिहिलेली नाही, ती वाचावयाची कशी?

याचे उत्तर एका सावधगिरीच्या नियमात दडलेले आहे. समजा, दोन राउटरांची काही घोटाळ्याने अशी समजूत झाली की, अमुक पत्त्याची वाट दुसऱ्याकडूनच जाते. मग त्या पत्त्याचे पाकीट दोघांमध्ये अखंड फेऱ्या मारीत राहील, आणि अशी पाकिटे साचून सारा मार्गच तुंबेल. हे टाळण्यासाठी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या नियमावलीत प्रत्येक पाकिटावर एक आकडा घालण्याचे ठरले. त्याचे नाव ‘टाइम टू लिव्ह’. आपण त्यास आयुर्मर्यादा म्हणू. हा आकडा जास्तीत जास्त २५५ असू शकतो. संगणक तो बहुधा ६४ किंवा १२८ घालतात. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. ज्याच्या हाती तो शून्य होतो, तो राउटर पाकीट टाकून देतो आणि ‘तुमच्या पाकिटाची मुदत संपली’ असा निरोप पाठवणाऱ्यास धाडतो. या निरोपावर धाडणाऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता असतो, ही या साऱ्या प्रकरणातील कळीची गोष्ट होय.

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी, स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून, ‘ट्रेसराउट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याची युक्ती एका दृष्टान्ताने सांगता येईल. अनोळखी मुलखात एक माणूस धाडावा आणि त्यास एकाच मुक्कामापुरती शिदोरी द्यावी. तो पहिल्या गावी अडकेल आणि तेथील पाटील आपणास कळवील, ‘तुमचा माणूस आमच्या गावी थांबला आहे.’ पहिल्या गावाचे नाव कळले! दुसऱ्यास दोन मुक्कामांची शिदोरी द्यावी, तिसऱ्यास तीन मुक्कामांची. ट्रेसराउट हेच करतो. पहिल्या पाकिटावर १, नंतर २, नंतर ३ असा आकडा तो चढवीत नेतो. प्रत्येक टप्प्यासाठी सामान्यतः तीन पाकिटे धाडतो आणि जाऊन येण्यास लागलेला वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मांडतो. मुक्काम गाठल्याचे कसे कळते? मूळ प्रोग्रॅम पाकिटावर अशा दाराचा क्रमांक घालतो की, त्या क्रमांकाचे दार उघडे असण्याचा संभव फार थोडा. ‘असे दार येथे नाही’ हे उत्तर घरमालकाकडून आले की, घर सापडले असे समजावे.

आता ही यादी वाचावयाची कशी? एकदा शाळेच्या संगणक-कक्षात पाने फार रेंगाळत येऊ लागली. ‘समुद्रातील केबल तुटली असणार!’ असा निर्णय एका विद्यार्थ्याने तत्काळ दिला. माग काढून पाहिला, तो पहिल्याच ओळीत, म्हणजे त्याच खोलीतील राउटरपाशी, तीनशेहून अधिक मिलिसेकंद! पुढील सर्व ओळींत तोच विलंब कायम होता. बिनतारी जोडणी सोडून संगणकास तार जोडली, आणि दुखणे गेले.

मात्र प्रत्येक मोठा आकडा दोष दाखवीत नाही. मधल्या एखाद्या ओळीत वेळ पुष्कळ आणि पुढच्या ओळींत थोडा असेल, तर तो राउटर पाकिटे वेळेवर पुढे देत आहे. केवळ निरोप लिहिण्याचे काम त्याने मागे ठेवले आहे. वेळेच्या जागी तारकाचिन्हे दिसली तर उत्तर आले नाही, एवढाच त्यांचा अर्थ. काही राउटर मुद्दाम मौन पाळतात आणि पाकिटे मुकाट्याने पुढे नेतात. शिवाय निरोप परतताना निराळ्या वाटेने येऊ शकतो. त्या वाटेचा विलंबही आकड्यात मिळालेला असतो.

आकड्यांवरून अंतराची परीक्षाही होते. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. तेव्हा जाऊन येण्यास निदान ७२ मिलिसेकंद हवेतच. मुंबईत बसलेल्या कोणास ‘लंडन’ म्हणविणाऱ्या यंत्राचे उत्तर २० मिलिसेकंदांत आले, तर ते यंत्र लंडनमध्ये नाही हे निश्चित. अनेक परदेशी संस्था आपल्या पानांच्या प्रती आपल्या देशातही ठेवतात, हे येथे आठवावे.

पाकिटे वाटेत नष्ट झाली आणि कोठे नष्ट झाली हे प्रत्येक ठिकाणाहून प्रामाणिकपणे कळविले गेले, म्हणून वाट उमगली. आपल्या गणिताच्या वहीतही चुकलेले उदाहरण नुसते खोडून टाकू नये. पायरीपायरीने पाहत जावे. कोणत्या पायरीवर अडले ते कळले, म्हणजे पुढची वाट आपोआप दिसू लागते.